मेणबत्तीचे गिऱ्हाईक, सोफ्याचे गिऱ्हाईक

फर्निचरच्या धंद्याचे एक जुने दुखणे आपण सारेच जाणतो. गिऱ्हाईक एकदा सोफा घेऊन गेले की दहा-बारा वर्षे तोंड दाखवत नाही. म्हणून तर आपला दुकानदार रस्त्यात भेटला की थांबून घरातल्यांची चौकशी करतो. पोरीच्या लग्नातले कपाट आपल्याच गोदामातून जावे, हा हिशेब त्यामागे असतो. बर्लिनच्या होम२४ या कंपनीला हा हिशेब कळायला एक तप लागले.

२००९ साली सुरू झालेली ही कंपनी पलंग, सोफे, टेबले इंटरनेटवरून विकते. जून २०१८ मध्ये ती फ्रँकफर्टच्या शेअर बाजारात उतरली, तेव्हा शेअरचा भाव होता २३ युरो. मालाला तोटा नव्हता, पण जवळजवळ प्रत्येक सोफ्यामागे नवे गिऱ्हाईक शोधायचे आणि त्यासाठी जाहिरातीवर पैसा ओतायचा, हे चक्र थांबत नव्हते. दुकानाचे भाडे वाचवायला निघालेली मंडळी मोबाइलच्या पडद्यावरच्या जागेचे भाडे भरत बसली. त्या जागेचा तर रोज लिलाव होतो. निदान आपला घरमालक तसे करत नाही.

डिसेंबर २०२१ मध्ये होम२४ने कोलोनची बटलर्स ही दुकानांची साखळी विकत घेत असल्याचे जाहीर केले. बटलर्सकडे काय मिळते? चहाचे कप, काचेचे पेले, मेणबत्त्या, उशांचे अभ्रे. शंभरावर दुकाने, बरीचशी भर बाजारपेठेत. याच बटलर्सने जानेवारी २०१७ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला होता. त्यातून ती सावरली आणि पाच वर्षांनी एका वेबसाइटने तिच्यासाठी पैसे मोजले.

मोजले ते भिंतींसाठी नव्हेत. कुणाकडे जेवायला जायचे, नाताळ आला, नवे घर लागले, की माणूस अशा दुकानात डोकावतो आणि चार-दोन युरोंची वस्तू घेऊन निघतो. वर्षातून पाच वेळा आत येणाऱ्याला सहाव्या वेळी सोफा दाखवता येतो, जाहिरातीचा एक पैसाही न घालता. शिवाय युरोपातल्या कायद्याने ऑनलाइन घेतलेली वस्तू कारण न सांगता चौदा दिवसांत परत करता येते. दुकानात पाहून-हाताळून घेतलेल्या वस्तूला तो हक्क नाही. तिथे दुकानदार वस्तू परत घेतो ती गिऱ्हाईक टिकावे म्हणून. तिसऱ्या मजल्यावरून उतरवून आणलेला सोफा ज्याने गोदामात परत ठेवून घेतला आहे, त्याला हा फरक समजावून सांगायला नको.

पुढची गोष्ट मात्र कंपनीच्या कागदावर नव्हती. २०२२च्या फेब्रुवारीत युक्रेनचे युद्ध पेटले, गॅस महागला, जर्मन कुटुंबांनी आधी मोठी खरेदी पुढे ढकलली. लॉकडाऊनमध्ये फुगलेली ऑनलाइन विक्री ओसरली. ऑक्टोबरमध्ये एक्सएक्सएक्सलुट्झ या ऑस्ट्रियातल्या जुन्या फर्निचर-दुकानदार कंपनीने होम२४च्या शेअरला साडेसात युरो देऊ केले. बाजारात तेव्हा त्याच्या निम्माही भाव नव्हता. म्हणजे वेबसाइटने दुकाने घेतली, आणि वर्षाच्या आत त्या वेबसाइटलाच दुकानांसकट एका दुकानदाराने उचलले. सोडतीची चिठ्ठी उलटी निघावी तसे.

झालांडोचेही तेच. बूट-कपड्यांच्या या बर्लिनच्या बड्या कंपनीने २०१७ मध्ये म्युनिकची किक्झ ही बास्केटबॉलच्या मालाची साखळी घेतली आणि काही वर्षांत विकूनही टाकली. काउंटर चालवणे हा वेगळा हुन्नर आहे, तो खरेदीखतात लिहून मिळत नाही, असे आमचे मत आहे. उलट उदाहरण आपल्या पुण्याचे: बाळांच्या वस्तू ऑनलाइन विकणाऱ्या फर्स्टक्रायने २०१६ मध्ये महिंद्रांची बेबीऑय ही बाळांच्या वस्तूंच्या दुकानांची साखळी सुमारे ३६२ कोटींना घेतली आणि ती पचवली. लहान बाळाच्या घरी लंगोट आणि दुपटी दर आठवड्याला लागतात, हे त्यात निम्मे उत्तर.

उल्हासनगरच्या फर्निचर बाजारातल्या वाचकांपासून कोल्हापूर-नागपूरच्या वाचकांपर्यंत सर्वांना आमचे सांगणे दोन गोष्टींपुरते आहे. दाराजवळची दहा फूट जागा झुलत्या खुर्चीने अडवू नका. तिथे दिवे, उशा, पायपुसणी, चादरी ठेवा. नफा किरकोळ दिसेल, पण पाय लागतील. आणि उद्या एखाद्या ॲपवाल्याचा माणूस तुमची तीन दुकाने घ्यायला आला, तर किमतीचा किती भाग रोख आणि किती भाग त्याच्या शेअरमध्ये, हे आधी विचारा. २३ युरोंना विकला गेलेला शेअर चार वर्षांत चारच्याही खाली आला, हे विसरू नका. दुकानाचा भाडेकरार कोणाच्या नावावर राहणार, हेही त्याच बैठकीत लिहून घ्या. नंतर फोन उचलला जात नाही.

तोवर एक काम करा. बिलबुकातली शेवटची शंभर नावे काढा, त्यांतली किती जण वर्षभरात पुन्हा दुकानात आली ते मोजा, आणि तो आकडा दिवाळीपूर्वी आम्हाला कळवा. नावे गुप्त ठेवून आम्ही ते आकडे दिवाळी अंकात छापू.