विश्लेषण : अमेरिकेत शिकवायला गेलेल्या भारतीय शिक्षकांच्या पगारातून नेमके काय कापले जाते?

अमेरिकेतील अनेक राज्यांत गणित, विज्ञान आणि विशेष शिक्षण या विषयांना शिक्षक मिळत नाहीत. ही जागा भरण्यासाठी तिथल्या सरकारी शाळा परदेशातून शिक्षक बोलावतात. ज्या देशांतून हे शिक्षक जातात, त्यांत भारतही आहे. यातले बहुतेक जण ‘जे-१’ या एक्स्चेंज व्हिसावर जातात. मुलाखतीत वार्षिक पगाराचा आकडा सांगितला जातो, पण हातात पडणारी रक्कम त्याहून बरीच वेगळी असते. तिसऱ्या वर्षी तर पगार तोच राहूनही ती आणखी कमी होते. असे का होते?

जे-१ शिक्षक म्हणजे कोण?

या योजनेत पदवी आणि किमान दोन वर्षांचा अध्यापनाचा अनुभव लागतो. मुदत तीन वर्षांची असते आणि ती आणखी एक किंवा दोन वर्षांनी वाढवता येते. करांच्या बाबतीत मात्र अमेरिकेचे नियम ‘दोन वर्षां’भोवती फिरतात. ही दोन वर्षे दोन ठिकाणी दोन वेगळ्या पद्धतींनी मोजली जातात आणि गोंधळाचे मूळ इथेच आहे.

पहिली दोन वर्षे : सोशल सिक्युरिटीची सूट

अमेरिकेत नोकरदाराच्या पगारातून सोशल सिक्युरिटीसाठी ६.२ टक्के आणि मेडिकेअरसाठी १.४५ टक्के, म्हणजे एकूण ७.६५ टक्के कापले जातात. जे-१ शिक्षक कराच्या भाषेत ‘अनिवासी’ असेपर्यंत त्याला ही कपात लागू नाही.

अनिवासी किती काळ? साधारणपणे दोन कॅलेंडर वर्षे. समजा, एखादी शिक्षिका ऑगस्ट २०२५ मध्ये रुजू झाली. तिचे पहिले वर्ष ३१ डिसेंबर २०२५ रोजीच संपले, जरी ती तिथे जेमतेम पाच महिने होती. दुसरे वर्ष २०२६. म्हणजे सूट प्रत्यक्षात १७ महिन्यांचीच. २०२७ मध्ये ती १८३ दिवस तिथे राहिली, तर १ जानेवारीपासूनच ‘निवासी’ ठरते आणि ७.६५ टक्क्यांची कपात सुरू होते. गेल्या सहा वर्षांत विद्यार्थी किंवा शिक्षक म्हणून एफ किंवा जे व्हिसावर आधी राहून आलेल्यांची ती वर्षेही यात धरली जातात.

दुसरी दोन वर्षे : भारत-अमेरिका कर करार

दोन्ही देशांनी १९८९ मध्ये दुहेरी करआकारणी टाळण्याच्या करारावर सह्या केल्या. त्यातील कलम २२ शिक्षक आणि संशोधकांसाठी आहे. भारतात निवासी असलेली व्यक्ती दोन वर्षांहून अधिक नाही इतक्या काळासाठी मान्यताप्राप्त शिक्षणसंस्थेत शिकवायला गेली, तर तिच्या पगारावर अमेरिका केंद्रीय आयकर घेत नाही. इथे दोन वर्षे मोजली जातात ती पोहोचल्याच्या तारखेपासून. सवलत हवी असेल तर ‘८२३३’ हा फॉर्म दरवर्षी शाळेच्या पगार विभागाकडे द्यावा लागतो.

मेख पुढे आहे. मुक्काम दोन वर्षांच्या पुढे गेला, तर सवलत फक्त तिसऱ्या वर्षापासून बंद होत नाही. आयआरएस, म्हणजे अमेरिकी आयकर विभाग, ती संपूर्ण मुक्कामासाठी रद्द झाली असे मानतो. पहिल्या दोन वर्षांत वाचलेला कर व्याजासह भरावा लागतो.

व्हिसा तीन वर्षांचा आणि सवलत दोन वर्षांची. त्यामुळे तीन वर्षे राहायचे ठरवून गेलेल्या शिक्षकाने ही सवलत घेणे म्हणजे पुढच्या वर्षांवर उधारी करण्यासारखे आहे. दोन शालेय वर्षे शिकवून जूनमध्ये परतणाऱ्याला मात्र करार खरोखर फायद्याचा ठरतो. शेवटच्या वर्षी त्याचे १८३ दिवसही भरत नाहीत.

आकड्यांत फरक किती?

वार्षिक पगार ४८ हजार डॉलर आहे आणि शिक्षिका अविवाहित आहे, असे धरू. सोपे जावे म्हणून दोन्ही वर्षांना २०२६ चेच दर लावू.

अनिवासी असताना, कराराची सवलत न घेतल्यास : अनिवासींना ‘स्टँडर्ड डिडक्शन’ मिळत नाही. करारात भारतीय विद्यार्थ्यांना ती वजावट आहे, शिक्षकांना नाही. त्यामुळे पहिल्या डॉलरपासून कर लागतो. १२,४०० डॉलरपर्यंत १० टक्के आणि उरलेल्या ३५,६०० डॉलरवर १२ टक्के. एकूण ५,५१२ डॉलर. सोशल सिक्युरिटी शून्य.

निवासी झाल्यावर : १६,१०० डॉलरची वजावट मिळते. आयकर ३,५८० डॉलरवर येतो. पण सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअरचे ३,६७२ डॉलर वाढतात. एकूण ७,२५२ डॉलर.

म्हणजे कर कमी होऊनही हातात वर्षाला १,७४० डॉलर, महिन्याला सुमारे १४५ डॉलर कमी येतात.

राज्याचा कर वेगळा

टेक्सास आणि फ्लोरिडात पगारावर राज्याचा आयकर नाही. नॉर्थ कॅरोलिना किंवा कॅलिफोर्नियात आहे. कॅलिफोर्निया तर केंद्राचा कर करारही मानत नाही, त्यामुळे केंद्राचा कर शून्य असला तरी राज्याचा भरावाच लागतो. काही राज्यांत शिक्षकांचे पैसे राज्याच्या पेन्शन निधीत जातात. परदेशी एक्स्चेंज शिक्षकांना तो लागू आहे का आणि नोकरी सोडताना आपला वाटा परत मिळतो का, हे रुजू होतानाच विचारून घ्यावे. आरोग्य विमा जे-१ साठी सक्तीचा आहे. त्याचा हप्ताही अनेकदा पगारातूनच जातो.

भारतात काय भरायचे?

नोकरीसाठी परदेशी जाणारा भारतीय नागरिक त्या आर्थिक वर्षात १८२ दिवसांपेक्षा कमी काळ भारतात राहिला, तर तो इथे अनिवासी ठरतो. ऑगस्टमध्ये निघालेल्या शिक्षकाचे एप्रिलपासून चार-साडेचार महिनेच भरतात, म्हणून त्याच्या अमेरिकेतील पगारावर भारतात कर नाही. जानेवारीत निघालेला मात्र त्या वर्षी निवासीच राहतो. जानेवारी ते मार्चचा डॉलरमधला पगार त्याला भारतातील विवरणपत्रात दाखवावा लागतो. अमेरिकेत कर भरला असेल तर त्याचे क्रेडिट मिळते. अनिवासी झाल्यावर बँकेतील साधे बचत खाते ‘एनआरओ’मध्ये बदलून घ्यायला विसरू नये.

चुकीची कपात झाली तर?

शाळांच्या पगार विभागांना परदेशी शिक्षकांचे नियम नेहमीच माहीत असतात असे नाही. सूट असतानाही सोशल सिक्युरिटी कापली गेली, तर आधी शाळेकडे परतावा मागावा. तिथे दाद लागली नाही, तर आयआरएसकडे फॉर्म ८४३ आणि ८३१६ भरून अर्ज करता येतो. अनिवासी असेपर्यंत विवरणपत्र ‘१०४०-एनआर’ असते. सोबत फॉर्म ८८४३ जोडायचा असतो. मुदत १५ एप्रिल.

खरा तोटा कुणाचा?

सोशल सिक्युरिटीची पेन्शन मिळायला सुमारे दहा वर्षांची नोकरी लागते. जे-१ शिक्षक फार तर पाच वर्षे राहतो. म्हणजे तिसऱ्या वर्षापासून भरलेले पैसे परतही मिळत नाहीत आणि पेन्शनही देत नाहीत. जर्मनी, फ्रान्स, जपान, दक्षिण कोरिया, कॅनडा, ऑस्ट्रेलिया यांच्याशी भारताचे सामाजिक सुरक्षा करार आहेत. अमेरिकेशी नाही. हा प्रश्न चर्चेत येतो तो बहुतेक वेळा आयटी कंपन्यांच्या निमित्ताने. शिक्षकांची संख्या कमी, पगार कमी आणि त्यांच्या वतीने बोलणारी संघटना नाही.

करार होईल तेव्हा होईल. तोपर्यंत भरती करणाऱ्या संस्थांना एक गोष्ट आजच करता येईल. ऑफर लेटरसोबत पहिल्या, दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षी हातात किती पगार येईल, याचा एका पानाचा हिशेब द्यावा. कर्ज काढून, घरदार मागे ठेवून जाणाऱ्या शिक्षकाला सही करण्याआधी तो आकडा कळायला हवा. तो मिळाला नाही, तर मागून घेण्यात संकोच करण्याचे कारण नाही.