नातवाच्या आवडीची बाजू

मंडळी, परवा जेवताना जावई म्हणाले, "न गाजलेली गाणी आवडतात म्हणणं म्हणजे निव्वळ मिरवणं." रोख माझ्या नातवावर होता. जावई पडले, म्हणून तेव्हा गप्प बसले. पण मला हे अजिबात पटलेलं नाही.

नातू 'क्वीन'चा भक्त. पाचगणीच्या शाळेत शिकलेल्या फ्रेडी मर्क्युरीचा हा बँड. त्यांच्या १९७५ च्या अल्बममधलं 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' जगाला पाठ आहे. नातू मात्र जीव टाकतो त्याच अल्बममधल्या 'द प्रॉफेट्स साँग'वर. ब्रायन मे याला महापुराचं स्वप्न पडलं, त्यावरून त्याने रचलेलं ८ मिनिटांहून मोठं गाणं. मध्येच वाद्यं थांबतात आणि फ्रेडीचा एकटा आवाज स्वतःच्याच प्रतिध्वनींवर थर चढवत जातो. मी दोनदा ऐकून कंटाळले. तिसऱ्यांदा अंगावर काटा आला!

मी ३५ वर्षं मराठी शिकवलं. परीक्षेला असलेली कविता मुलं पाठ करत आणि विसरत. "ही परीक्षेला नाही" असं सांगून वाचलेली कविता मात्र २० वर्षांनी भेटलेला विद्यार्थी म्हणून दाखवतो. का? ती कुणी लादली नव्हती. गाजलेलं गाणं आपल्याला शोधत येतं. असल्या गाण्याकडे आपल्याला जावं लागतं. त्या कष्टांतूनच माया जडते.

मिरवणारे असतीलही. पण ते गाण्याचं नाव सांगून थांबतात. माझा नातू शेवटपर्यंत कान लावून बसतो.

असो. जावईबापू, आधी ८ मिनिटं द्या, मग बोलू!