कॅमेऱ्यामागे बाई हवी

गोंदिया जिल्ह्यातल्या एका गावात एकल महिलांची बैठक होती. कोणाला कोणता धंदा करायचा आहे, ते मी वहीत लिहून घेत होते. शिवणकाम, पापड, शेळ्या, किराणा अशी नेहमीची यादी झाली. मग नवऱ्यापासून वेगळी राहणारी एक बाई म्हणाली, "मले फोटो स्टुडिओ टाकाचा आहे." बाकीच्या हसल्या. मी हसले नाही, पण सुचवली मात्र शिलाई मशीनच. त्यावर ती म्हणाली, "शिलाई मशीन त आता घरोघरी आहे, ताई. फोटो काढणारी बाई मले एक दाखवा."

मला ती दाखवता आली नाही. समाजकार्यात एम.ए. केलेली मीसुद्धा बायांचा धंदा म्हटला की चूल आणि सुई यांच्या पलीकडे जात नव्हते, हे त्या दिवशी मला कळले.

मग आमच्या समुपदेशन केंद्रातली एक केस आठवली. मारहाण झालेली बाई होती, वळ पाठीवर होते. तालुक्याच्या गावी स्टुडिओत सगळे पुरुष. त्यांच्यापुढे पाठ उघडी कशी करायची? ती तशीच परतली. आईने अंधाऱ्या खोलीत मोबाईलवर फोटो काढला, त्यात काहीच नीट दिसेना. आठवड्यात वळ पुसट झाले आणि पुरावाही गेला. फोटो नुसता काढूनही भागत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे अशा डिजिटल फोटोबरोबर प्रमाणपत्र जोडावे लागते. हे जाणणारी, उजेड कसा पाडायचा ते कळणारी बाई तालुक्यात असती तर?

ही गरज नवी नाही. राजा दीनदयाळ यांनी १८९२ साली हैदराबादेत खास स्त्रियांसाठी जनाना स्टुडिओ काढला. तो केनी-लेविक नावाच्या बाई चालवत. पडद्यातल्या बायकांचे फोटो बाईनेच काढावेत, हे त्या धंदेवाल्या माणसाला तेव्हाच उमगले होते. मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयात शिकलेल्या होमाई व्यारावाला देशातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार झाल्या, पण त्यांचे सुरुवातीचे फोटो नवऱ्याच्या नावाने छापले गेले. कॅमेरा बाईच्या हातात आला तरी नाव तिचे होत नाही. म्हणूनच मला वाटते, स्टुडिओच्या पाटीवर आणि कर्जाच्या कागदावर तिचेच नाव हवे.

मोबाईलच्या काळात स्टुडिओ चालेल का, असे मैत्रिणी विचारतात. प्रश्न रास्त आहे. नुसत्या हौसेच्या फोटोवर आता पोट भरणार नाही. पण शाळेचा दाखला, नोकरीचा अर्ज, बँकेचे खाते यांना फोटो लागतोच. चार बाय सहा इंचांच्या एका कागदावर पासपोर्ट आकाराचे आठ फोटो बसतात. रोजचा खर्च त्यातून निघावा आणि लग्न, बारसे, शाळेचे स्नेहसंमेलन, मंडईचे दिवस यांतून चार पैसे सुटावेत. धान रोवणीच्या दिवसांत गिऱ्हाईक कमी असणार, हेही हिशेबात धरावे. खोली, मागचा पडदा, दोन दिवे, कॅमेरा, संगणक आणि प्रिंटर एवढ्यावर सुरुवात होते. ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थांच्या मोफत अभ्यासक्रमांत फोटोग्राफीही आहे. आपण बायांची नावे तिथे शिवणकामालाच का पाठवतो?

पैशाचे पाहू. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात २०२२ साली सेवा व्यवसायाची मर्यादा २० लाख झाली. त्या नियमांप्रमाणे ग्रामीण भागातल्या बाईने स्वतःचे ५ टक्के घालायचे, ३५ टक्के अनुदान. म्हणजे २ लाखांच्या स्टुडिओला पदरचे १० हजार आणि अनुदान ७० हजार. अनुदान मात्र लगेच हातात पडत नाही. ते तीन वर्षे बँकेत ठेव म्हणून राहते आणि मग कर्जातून वळते होते. तोवर हप्ते भरावेच लागतात. हे आधीच सांगायला हवे, नाहीतर बाई फसते.

आमच्या या बाईला एका बँकेत विचारले गेले, "नवऱ्याची सही?" नवऱ्याने टाकलेल्या बाईने त्याची सही आणायची कुठून? १० लाखांपर्यंतच्या अशा कर्जाला तारण मागायचे नाही, असा नियम आहे. तो नियम हातात घेऊन आम्ही चौघी तिच्यासोबत पुन्हा गेलो. अर्ज घेतला गेला आहे, मंजुरी अजून बाकी आहे.

तोवर संघटनांनी एवढे तरी करावे. आपली ओळखपत्रे आणि शिबिरांचे फोटो अशा बायांना द्यावेत, ठरलेला दर रोख द्यावा. 'आपलीच आहे' म्हणून फुकट राबवू नये.

लग्नासाठी मुलगी फोटो काढायला आली तर तिला गोरी करून देणार का, असे मी तिला विचारले होते. ती म्हणाली, "जशी आहे तशीच काढीन. उजेड बरोबर पाडीन."