नल म्हणजे शून्य नव्हे

दर ऑगस्टमध्ये आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मेसेज हमखास येतो : "दादा, सगळ्यात स्वस्त कार इन्शुरन्स कुठला?" आणि त्याला दर वर्षी तेच उत्तर मिळतं : "फक्त लायबिलिटी घे, बाकी सगळं रिजेक्ट कर." काही वर्षांपूर्वी हेच उत्तर मी माझ्या रूममेटला दिलं होतं. त्याची किंमत त्याने मोजली, मी नाही. म्हणून हे लिहितोय.

आधी एक गैरसमज दूर करू. परदेशात शिकणाऱ्या पोराने गाडीसोबत फोटो टाकला की घरी वाटतं, सेटल झाला. मी टेक्ससमधल्या आर्लिंग्टन शहरात एमएस केलं. डॅलस आणि फोर्ट वर्थच्या मधलं हे गाव, लोकवस्ती साधारण आपल्या अकोल्याएवढी. पण ठरलेल्या मार्गावरून, ठरलेल्या वेळेला धावणारी शहर बससेवा नाही. अ‍ॅपवरून बोलवायच्या शेअर व्हॅन आहेत, बस्स. २००२ मध्ये सार्वजनिक वाहतुकीसाठी विक्रीकर वाढवायचा प्रस्ताव इथल्या मतदारांनी फेटाळला. दोनच वर्षांनी, २००४ मध्ये, फुटबॉलच्या स्टेडियमसाठी विक्रीकर अर्धा टक्का वाढवायला त्यांनीच होकार दिला. स्टेडियम झकास आहे. पण किराणा आणायला स्टेडियमचा काय उपयोग?

अशा शहरात गाडी ही चैन नसते. ती न छापलेली फी असते. आय-ट्वेंटीवर ट्यूशन असते, राहण्याखाण्याचा अंदाज असतो. गाडीचा रकाना नसतो.

आता लायसन्स. जर्मनी, फ्रान्स किंवा दक्षिण कोरियाचं लायसन्स असेल तर टेक्सस ते घेऊन स्वतःचं देतं, कारण तसे करार आहेत. भारताशी नाही. याचा मला राग आला होता, पण तो फार टिकला नाही. माझं लायसन्स कसं मिळालं ते मला माहीत आहे. एजंटने पैसे घेतले, मैदानावर मी एक आठ काढला, साहेबांनी मान हलवली. असं लायसन्स दुसऱ्या कुणी डोळे झाकून का मानावं? शिवाय पहिल्या आठवड्यात इंडिकेटर द्यायला गेलो की माझे वायपर सुरू व्हायचे. तेव्हा परीक्षा घ्या, जरूर घ्या. मी तेवीस वर्षांचा होतो, म्हणून सहा तासांचा कोर्स केला, तीस प्रश्नांची लेखी परीक्षा दिली, पॅरलल पार्किंग केलं. त्यातलं काहीच अन्यायाचं नव्हतं.

फक्त एक गंमत होती. ड्रायव्हिंग टेस्टला गाडी स्वतः आणायची असते आणि तिचा विमा उतरवलेला असावा लागतो. आणि मी ज्यांना ज्यांना फोन केला ते विचारायचे, लायसन्स नंबर काय? शेवटी एका सीनियरला पन्नास डॉलर देऊन त्याची गाडी नेली. हा धंदा प्रत्येक कॅम्पसभोवती चालतो.

खरा अन्याय त्यानंतर सुरू होतो. परीक्षा पास झालो, जुनी सेडान घेतली आणि विम्याचा फॉर्म भरायला बसलो. प्रश्न होता : किती वर्षांपासून लायसन्स आहे? मी लिहिलं, पाच. एजंट म्हणाली, अमेरिकेतली सांगा. अमेरिकेतली चार दिवस. तिने शून्य टाकलं. पुण्याहून कोल्हापूरला खंबाटकीतून पावसात केलेल्या सगळ्या फेऱ्या त्या शून्यात गेल्या. आधीचा विमा? शून्य. क्रेडिट हिस्टरी? तीही नाही. महिन्याला एकशे ऐंशी डॉलर, आणि तेही फक्त कायद्याने लागतो तेवढ्या लायबिलिटीचे.

मी डेटाबेसवर काम करतो. आमच्याकडे रिकाम्या रकान्याला 'नल' म्हणतात. नल म्हणजे 'माहीत नाही'. शून्य म्हणजे 'माहीत आहे, आणि उत्तर शून्य आहे'. या दोघांत गल्लत केली तर फ्रेशरलासुद्धा कोड रिव्ह्यूमध्ये झापतात. इथे मात्र अख्खा उद्योग ती गल्लत करतो आणि त्याला 'रिस्क' म्हणतो.

कुणी म्हणेल, विमा कंपनी काय धर्मादाय संस्था आहे? माहिती नसेल तर ती जास्तच पैसे लावणार. पण माहिती नाही असं नाही, माहिती विचारलेली नाही. माझ्या भारतीय लायसन्सवर ते दिल्याची तारीख छापलेली आहे आणि परिवहन खात्याच्या साइटवर ती तपासता येते. भारतातल्या विम्यावर क्लेम केला नाही तर बोनस मिळतो, म्हणजे क्लेमची नोंदही असते. आणि हा बाजाराचा निसर्गनियमही नाही. कॅलिफोर्नियाने १९८८ च्या मतदानात ठरवलं की वाहन विम्याचा दर मुख्यतः ड्रायव्हिंगचं रेकॉर्ड, किती मैल चालवता आणि किती वर्षांचा अनुभव यांवरून लावायचा. तिथे, हवाईत आणि मॅसॅच्युसेट्समध्ये दर ठरवायला क्रेडिट स्कोअर वापरता येत नाही. टेक्ससमध्ये येतो. म्हणजे हे सगळं माणसांनी ठरवलेलं आहे आणि माणसांना ते बदलता येतं.

लायसन्सचंही तेच. २००५ च्या रियल आयडी कायद्यानुसार तात्पुरत्या रहिवाशाचं लायसन्स त्याच्या मुक्कामाच्या मुदतीपुरतंच असतं, आणि मुदतीचा शेवट ठरलेला नसेल तर एक वर्ष. व्हिसाचे कागद अडकले की लायसन्स अडकतं. माझे हातपाय आणि डोळे आय-ट्वेंटीबरोबर एक्स्पायर होतात, असं बहुधा सरकारला वाटतं.

इथवर सगळे माना डोलावतील. आता आपल्याकडे येऊ.

या व्यवस्थेला आपलं उत्तर काय? जुगाड. "किंमत कमी लिही, टॅक्स वाचेल." टेक्ससमध्ये गाडीच्या खरेदीवर सव्वासहा टक्के कर असतो, आणि खासगी व्यवहारात राज्याने धरलेल्या किमतीच्या किमान ८० टक्क्यांवर तो लागतोच. म्हणजे खोटंही लिहायचं आणि बहुतेकदा फायदाही नाही. "टायटल नावावर नको करू, पुढे विकताना सोपं पडतं." म्हणजे गाडी तुझी, कागद तिसऱ्याचे. "विमा सीनियरच्या नावावर काढ, स्वस्त पडेल." म्हणजे रोज चालवणाऱ्याचं नावच पॉलिसीवर नाही, आणि क्लेमच्या दिवशी कंपनी ते शोधून काढणार. आणि सगळ्यांत लाडका सल्ला : "रिजेक्ट कर."

टेक्ससची किमान लायबिलिटी अशी आहे : एका जखमी माणसासाठी ३० हजार डॉलर, एका अपघातातल्या सगळ्यांसाठी मिळून ६० हजार, समोरच्याच्या मालमत्तेसाठी २५ हजार. हे सगळे समोरच्याचे. तुमच्यासाठी काही नाही. तुमच्यासाठी असतं पीआयपी : चूक कोणाचीही असो, तुमचं हॉस्पिटलचं बिल आणि बुडालेल्या पगाराचा काही भाग, किमान अडीच हजार डॉलरपर्यंत. कायदा असा की कंपनीने ते द्यायलाच हवं, नको असेल तर तुम्ही लेखी नकार द्यायचा. कुणीतरी विचार करून ही तरतूद केली. आपण दर ऑगस्टला नव्या पोरांकडून तिच्यावर नकाराची सही करून घेतो.

माझ्या रूममेटने मी सांगितलं म्हणून सही केली. महिन्याचे पंधरा डॉलर वाचले. चौथ्या महिन्यात डावीकडे वळताना समोरून येणाऱ्या गाडीचा अंदाज चुकला. चूक त्याची होती. समोरच्याला विम्याने पैसे दिले, ते योग्यच झालं. याची गाडी भंगारात गेली, मनगट मोडलं, सात आठवडे कॅम्पसवरचं काम बंद. विद्यार्थ्यांच्या आरोग्य विम्यानंतरही जे बिल उरलं ते पीआयपीत जवळपास बसलं असतं. घरी त्याने महिनाभर सांगितलं नाही, कारण कर्ज वडिलांच्या घरावर होतं. मला तो एका शब्दाने बोलला नाही. ते जास्त लागलं.

तेव्हा माझं म्हणणं साधं आहे. हा भेदभाव आहे हे मोठ्याने म्हणा : विद्यार्थी संघटनेत, युनिव्हर्सिटीच्या ऑफिसात, आमदाराला लिहिलेल्या पत्रात. युनिव्हर्सिटीला विचारा, अ‍ॅडमिशनच्या पत्रासोबत गाडीच्या खर्चाचा कागद का देत नाही? कंपनीला विचारा, माझी पाच वर्षं मोजायला कोणता कागद हवा? आणि तोवर जुगाडाला हुशारी म्हणणं बंद करा. आपल्याला शून्य धरणाऱ्या कंपनीचे पैसे वाचवायला आपणच स्वतःला शून्य धरतोय.

या ऑगस्टलाही मेसेज येईल. माझं उत्तर तयार आहे : "टायटल तुझ्याच नावावर कर. गाडी घेण्याआधी ओळखीचा नसलेला मेकॅनिक दाखव. पॉलिसीवर तुझं नाव हवं. पीआयपीला नकार देऊ नकोस. पैसे कमी पडत असतील तर मला फोन कर."