न्यूमोनिया दुसऱ्यांदा येतो तेव्हा

गेल्या हिवाळ्यात आमच्या काकांना चौदा महिन्यांत दुसऱ्यांदा न्यूमोनिया झाला. ग्वाल्हेरची थंडी आणि सत्तरी उलटलेले वय, एवढे कारण आम्हांस पुरेसे वाटले. काकूंना मात्र पटेना. गोवर एकदा येऊन गेला की सहसा पुन्हा येत नाही. मग हा आजार कसा परतला?

प्रश्न रास्त होता. या रोगास बहुधा कारण ठरणारा न्यूमोकोकस हा जंतू 1881 साली फ्रान्समध्ये पाश्चर व अमेरिकेत स्टर्नबर्ग यांनी स्वतंत्रपणे शोधला. त्याच्या अंगावर शर्करायुक्त आवरण असते आणि त्या आवरणाचे शंभराहून अधिक प्रकार आहेत. शरीर एका प्रकाराची ओळख ठेवते. दुसरा आला की तो त्यास परकाच.

पण डॉक्टरांचा पहिला प्रश्न निराळाच होता : "मागचा छातीचा फोटो आहे का?" तो आम्ही दिवाळीच्या साफसफाईत रद्दीत टाकला होता! आजार त्याच जागी उलटला की दुसरीकडे, हे त्यावरून कळले असते. एकाच जागी वारंवार होत असेल, तर तेथील श्वासनलिकेत अडथळा असण्याचा संभव असतो : लहान मुलात अडकलेला शेंगदाणा, प्रौढात एखादी गाठ. जागा बदलत असेल, तर मधुमेह, धूम्रपान, जेवताना वारंवार लागणारा ठसका अशी कारणे शोधावी लागतात. क्षयाचा विचारही दोन्हीकडे करावाच लागतो.

अखेर काकूंची स्मृती कामी आली. "मागच्या वेळी डाव्या कुशीत कळ येत होती," त्या म्हणाल्या. या खेपेस दुखणे उजवीकडे होते. तपासणीत रक्तातील साखर पुष्कळ वाढलेली आढळली. तोवर कोणास तिची कल्पनाही नव्हती.

लहान मुलांसाठी या जंतूवरील लस सरकारी लसीकरणात 2017 पासून टप्प्याटप्प्याने आली व 2021 मध्ये देशभर पोहोचली. वडीलधाऱ्यांसाठीही लस आहे. ती सर्व प्रकारांना आवर घालत नसली, तरी तिच्याविषयी आपल्या डॉक्टरांना अवश्य विचारावे. औषधे मध्येच थांबवू नयेत. पन्नाशी उलटलेल्यांनी व धूम्रपान करणाऱ्यांनी बरे वाटल्यावरही, साधारण सहा आठवड्यांनी, पुन्हा फोटो काढावा की काय हे विचारून घ्यावे.

काकांचे नवे फोटो आता आमच्या कपाटात, घराच्या कागदपत्रांशेजारी आहेत. वाचकहो, आपले कोठे आहेत?