श्रावणातले तेज आणि साबुदाणा

श्रावण आला की 'मांसाहार सोडा, चेहरा उजळेल' असे सल्ले व्हॉट्सअ‍ॅपवर फिरू लागतात. पानात पालेभाजी, गाजर, आवळा, मोड आलेली मटकी असेल तर त्वचेला 'अ' आणि 'क' जीवनसत्त्वे मिळतात, हे खरेच. पण साबुदाणा, बटाटा आणि गोडाधोडावर महिना काढला, तर तोही शाकाहारच! अशा खाण्याने रक्तातली साखर झपाट्याने चढते आणि मुरमांचा त्रास बळावू शकतो.

त्याहून गंभीर बाब ब-१२ची. वनस्पतीजन्य अन्नातून ते जवळजवळ मिळत नाही. दूध-दहीही बेताचेच असेल, तर कमतरता हळूहळू वाढते. बोटांच्या पेरांवरची कातडी काळवंडते, तोंडाचे कोपरे चिरतात, जीभ गुळगुळीत होते. यावर घरोघरी उपाय काय, तर गोरेपणाचे क्रीम! रक्त तपासून डॉक्टरांच्या सल्ल्याने गोळी घेणे कुणाला सुचत नाही. लोहाचीही तीच तऱ्हा. पोह्यांवर पिळलेले लिंबू लोह शोषायला मदत करते, आणि पाठोपाठ घेतलेला चहा त्यात खोडा घालतो. शाळेतल्या आरोग्य तपासणीत मुलांची वजन-उंची मोजतात, तेव्हा त्यांच्या बोटांची पेरेही पाहायला हवीत.