सुट्या भागांचे स्वावलंबन आणि मराठवाडा

लढाऊ हेलिकॉप्टरच्या खरेदीचा करार झाला की त्याची बातमी पहिल्या पानावर येते. ते हेलिकॉप्टर पुढील दोन-तीन दशके उडते ठेवणाऱ्या सुट्या भागांची चर्चा मात्र क्वचितच होते. वास्तविक ताफ्याची ताकद हेलिकॉप्टरांच्या संख्येवर नव्हे, तर त्यांपैकी किती उड्डाणयोग्य आहेत यावर ठरते. पाती, गिअरबॉक्स, बेअरिंग यांचे आयुष्य उड्डाणाच्या तासांत मोजले जाते. ते संपले आणि बदली भाग वेळेवर मिळाला नाही, तर कोट्यवधींचे यंत्र हँगरमध्ये उभे राहते.

5 जानेवारी 2025 रोजी पोरबंदर येथे तटरक्षक दलाचे 'ध्रुव' हेलिकॉप्टर कोसळून तिघांचा मृत्यू झाला. प्राथमिक तपासात स्वॅशप्लेट हा एक भाग भंगल्याचे आढळले आणि तिन्ही दलांतील तीनशेहून अधिक 'ध्रुव' काही महिने जमिनीवर राहिले. देशी बनावटीचे 'प्रचंड' हे लढाऊ हेलिकॉप्टर याच 'ध्रुव'च्या पायावर विकसित झालेले आहे. मार्च 2025 मध्ये संरक्षण मंत्रालयाने 62,700 कोटी रुपयांना अशी 156 हेलिकॉप्टर घेण्याचा करार केला. त्यांपैकी 90 लष्करासाठी व 66 हवाई दलासाठी आहेत.

परदेशी यंत्रांची अडचण निराळी आहे. लष्कराने 2020 मध्ये सहा अपाचेंची मागणी नोंदवली. त्यांतील पहिली तीन जुलै 2025 मध्ये, ठरल्या वेळेपेक्षा वर्षाहून अधिक उशिराने आली. नांदेड आणि लातूर ज्या हैदराबादशी इतिहासाने जोडलेले आहेत, तेथेच टाटा-बोइंगच्या कारखान्यात 2018 पासून अपाचेचे सांगाडे तयार होतात. मात्र त्यांची जोडणी अमेरिकेत होते. सांगाडा येथे बनला तरी आराखड्याचे हक्क आणि पुरवठ्याचे वेळापत्रक परक्या हाती राहते.

'प्रचंड'च्या उत्पादनात अडीचशेहून अधिक देशी उद्योगांचा सहभाग राहील आणि त्यांत बहुसंख्य लघुउद्योग असतील, असे सरकार सांगते. महाराष्ट्रात संरक्षण उत्पादनाचा भार आजवर प्रामुख्याने नाशिक, पुणे, नागपूर या पट्ट्यांनी उचलला. मराठवाड्याकडेही काही भांडवल आहे. लातूरच्या रेल्वे डबा कारखान्यातून डिसेंबर 2020 मध्ये पहिल्या डब्याचा सांगाडा बाहेर पडला. नांदेडचे श्री गुरू गोबिंदसिंगजी अभियांत्रिकी महाविद्यालय 1981 पासून अभियंते घडवीत आहे.

तथापि, रेल्वेचा डबा बनविणे आणि हेलिकॉप्टरचा भाग बनविणे यांत मोठे अंतर आहे. हवाई भागासाठी वापरलेल्या धातूच्या प्रत्येक तुकड्याची नोंद ठेवावी लागते. चाचण्या आणि हवाई पात्रतेची मान्यता यांत दीर्घ काळ जातो. एवढे करून मागणी मात्र मोजक्याच नगांची असते. आयातीऐवजी देशात बनवता येतील अशा वस्तूंची यादी 'सृजन' पोर्टलवर 2020 पासून उपलब्ध आहे; परंतु केवळ यादी पाहून लहान उद्योजक कर्ज काढण्याचे धाडस करणार नाही.

त्यासाठी सामाईक चाचणी केंद्र, अनेक वर्षांच्या मागणीची लेखी हमी आणि मान्यतेला कालमर्यादा या तीन गोष्टी आवश्यक आहेत. त्यांच्या अभावी मराठवाड्यातील अभियंता पुणे-हैदराबादची वाट धरत राहील. सुट्या भागाच्या दर्जाशी वैमानिकाचे प्राण निगडित असतात. म्हणूनच हा प्रश्न प्रादेशिक अनुशेषापुरता मर्यादित मानता येणार नाही.